साहेब, हात कुठून घालायचा?

श्री. रा. रा. मॉड्युलर किचनवाले साहेब यांसी,
मु. पो. जालना



पत्र लिहिण्यास कारण की, अंबड रस्त्यावरच्या नव्या घरात माझ्या भाचीच्या स्वयंपाकघराचे काम आपण घेतले आहे आणि येत्या शनिवारी ओट्याचा ग्रॅनाइट कापला जाणार आहे, असे कळले. चार वर्षांपूर्वी आपण माझे स्वयंपाकघर करून दिलेत. त्याबद्दल आपले आभार मानायचे राहून गेले होते. ग्रॅनाइटवर कटर फिरण्याआधी ते मानावेत म्हणून ही घाई. आणि एवढ्या उपकारांचे आभार बंद पाकिटात मानणे बरे दिसत नाही, म्हणून खुले पत्र.

सर्वांत आधी आपल्या चित्राचे आभार. कॉम्प्युटरवर आपण माझे स्वयंपाकघर मला फिरवून फिरवून दाखवलेत. ओट्यावर पिवळ्या लिंबांची वाटी होती, खिडकीतून ऊन येत होते, फ्रिज, ओव्हन, भांडी धुण्याचे यंत्र सगळे एका रेषेत, भिंतीतच उगवल्यासारखे. मी तिथल्या तिथे होकार दिला. पुढून पाहिलेले ते सगळे खरेच आपण जसेच्या तसे उतरवलेत, लिंबांसाठी वाटीसुद्धा भेट दिलीत. त्या चित्राला मागची बाजू नव्हती, हे मला फार उशिरा कळले. यंत्राची नळी, वायर, तोटी, जाळी सगळे मागच्या बाजूला असते, हेही तेव्हाच कळले.

फरशीबद्दल किती आणि कसे आभार मानावेत? आमच्या घरात जुनी शहाबादी होती. ती उखडली तर धूळ होईल, आईला दम लागेल, असे म्हणून आपण शहाबादीवरच नवी टाइल चढवलीत. ही आपली माया. पण भांडी धुण्याचे यंत्र आपण आधी ओट्याखाली सरकवलेत आणि टाइल त्याच्या पायांपर्यंत आणून थांबवलीत. आतली जमीन खाली राहिली, बाहेरची दोन बोटे वर आली. वर ग्रॅनाइट यंत्राच्या डोक्याला टेकलेला. म्हणजे उचलायला वर जागा नाही आणि ओढायला गेले तर टाइलचा उंबरठा आडवा. खाली लाकडी पट्टी ठोकून आपण तोही झाकलात. बाहेरून कोणाच्या लक्षात येऊ नये इतके ते काम सफाईचे होते आणि दोन वर्षे ते कोणाच्या लक्षातही आले नाही.

मग एक दिवस यंत्र पाणी घेईना. कंपनीचा मुलगा आला. वॉरंटीचे काही महिने शिल्लक होते. भोकरदनहून मोटरसायकलवर आलेला, पाठीवर हत्यारांची पिशवी. तो जमिनीवर आडवा झाला, टॉर्च दातांत धरला, पट्टी काढली, टाइलच्या कडेवरून बोट फिरवले आणि उठून बसला. म्हणाला, "काकू, हे बसवलं कसं? हे तर निघतच नाही." मी म्हटले, बघ ना जरा. तो म्हणाला, "तुम्ही बाहेर काढून ठेवा, मी दहा मिनिटांत करून देतो." त्याची काहीच चूक नव्हती. वॉरंटी यंत्राची असते, आपण त्याच्याभोवती बांधलेल्या किल्ल्याची नसते. त्याने मोबाइलवर शेरा भरला आणि मला वाचून दाखवला: ग्राहकाने यंत्र उपलब्ध करून दिले नाही. माझ्या स्वयंपाकघरात, मी पैसे भरून घेतलेले, माझ्या डोळ्यांसमोरचे यंत्र मी उपलब्ध करून दिले नाही. हा शेरा माझ्या नावावर लागला साहेब, आपल्या नाही.

पुढे सुतार आला, फरशीवाला आला, तीन टाइल फुटल्या, दोन दिवस स्वयंपाक अंगणात झाला. यंत्र शेवटी बाहेर निघाले तेव्हा दोष सापडला: पाण्याची नळी जिथे जोडलेली असते तिथली नखाएवढी जाळी क्षारांनी भरली होती. त्या मुलाने दात घासायच्या जुन्या ब्रशने ती साफ केली. दहा मिनिटे म्हणाला होता, तेवढीही लागली नाहीत.

आपण जालन्याचेच, तेव्हा आपल्याला पाण्याचे काय सांगावे? पैठणहून जायकवाडीचे पाणी येते, घाणेवाडीच्या तलावाचे येते. ज्या दिवशी येते त्या दिवशी येते. मधल्या दिवसांत बोअर आणि टँकर. काळ्या पाषाणाखालचे ते बोअरचे पाणी कॅल्शियम-मॅग्नेशियम घेऊनच वर येते. आमच्या बादलीला पांढरी रेघ असते, तोटीला खरपुडी धरते, गिझरची कॉइल उघडली तर चुनखडीत बुडवून काढल्यासारखी दिसते. ज्या गावाचे पाणी असे आहे, त्या गावात पाण्याला लागणारे प्रत्येक यंत्र अधूनमधून उघडावे लागणारच. हे आमच्या गल्लीतल्या प्लंबरच्या हाताखालच्या पोरालाही ठाऊक आहे. आपण मात्र प्रत्येक यंत्र ते कधी बिघडणारच नाही अशा श्रद्धेने बसवलेत. एवढी श्रद्धा मी देवळातही पाहिली नाही.

पाणी शुद्ध करणाऱ्या यंत्रासाठी आपण सिंकवर जे कपाट केलेत, तेही तितक्याच श्रद्धेने केलेत. यंत्र मोजले आणि अगदी त्या मापाचा खण केलात, केसभर जागा वाया घालवली नाहीत. आतल्या फिल्टरची वाटी खाली फिरवून उतरवावी लागते, तिला खाली वीतभर मोकळी जागा लागते, एवढेच राहिले. त्यामुळे फिल्टर बदलायचा म्हणजे अख्खे यंत्र भिंतीवरून काढायचे, आणि नळ्या आपण तंतोतंत कापलेल्या असल्याने काढायचे तर आधी नळ्या सोडवायच्या. आमच्या पाण्यात फिल्टर लवकर भरतो. दर वेळी ओट्यावर पातेली मांडून, पाणी उपसत हा सोहळा होतो. आपली आठवण निघाल्याशिवाय तो कधी संपत नाही.

फ्रिजलाही आपण मखर केलेत. दोन्ही बाजूंनी प्लाय, वर लॉफ्ट, पाठीमागे भिंत. गणपतीला शोभावे असे. फ्रिज आतली उष्णता बाहेर टाकून थंड राहतो. ती जायला मागे आणि वर वाट हवी. आपल्याकडच्या उष्ण हवेसाठी जे फ्रिज बनवतात, त्यांच्यावर इंग्रजी 'टी' हा वर्ग लिहिलेला असतो आणि ते भोवतालच्या ४३ अंशांपर्यंत नीट चालतील असे धरलेले असते. मे महिन्यात जालन्याचा पारा स्वतःच ४० च्या वर जातो. त्यात बंद मखरात फ्रिजने सोडलेला वाफारा त्याच्याच पाठीला लागत राहतो. कॉम्प्रेसर दिवसभर घुमतो. वीजबिलावरचा तो आकडा पाहिला की आपले उपकार दरमहा ताजे होतात.

चिमणीबद्दल फार बोलत नाही. तिची मोटर आपण पीओपीच्या छताआड ठेवलीत. ती अजून चालू आहे, आणि ती चालू राहावी म्हणून मी रोज हात जोडते.

आता गॅसबद्दल. इथे मला शब्द जपून वापरावे लागतील, कारण त्या रात्रीची आठवण झाली की माझा हात थरथरतो.

सिलिंडर आपण ओट्याच्या टोकाच्या कपाटात ठेवलात, दाराला सुंदर पॉलिश. हॉब तिथून दोन कपाटे पलीकडे. नळी या कपाटातून त्या कपाटात, प्लायला पाडलेल्या भोकांतून, ड्रॉवरच्या पाठीमागून नेलीत. भोकाची कड घासली नव्हती. एका संध्याकाळी कुकर लावताना वास आला. आधी वाटले, उतू गेले असेल. मग आई म्हणाली, "गॅसच आहे गं." रेग्युलेटर बंद केला, दारे-खिडक्या उघडल्या, दिव्याचे बटण जसे होते तसे राहू दिले आणि गॅसगळतीसाठीच्या १९०६ ला फोन केला. एजन्सीचा माणूस आला, त्याने नळी दाखवा म्हटले. नळी दाखवता येईना. ड्रॉवर बाहेर येईना, कारण चॅनल आपण पुढून नाही, आतून आवळला होता, आणि आत हात जायला वाट नव्हती. तो म्हणाला, "ताई, आधी नळी दिसू द्या, मग मी हात लावतो." त्याचेही बरोबर होते. आमची ब्याऐंशी वर्षांची आई त्या रात्री अंगणात खुर्चीवर बसून राहिली. घरात यायला तयार होईना.

सकाळी सुताराने ड्रॉवरची पाठ कापून काढली. नळी भोकाच्या धारेवर घासून चिरली होती, वारंवार ड्रॉवर उघडल्या-मिटल्याच्या हिसक्यांनी. तिच्यावर छापलेले साल आम्ही पहिल्यांदा तेव्हा वाचले.

साहेब, आपल्याला नियम माहीत असतीलच, तरी माझ्या समाधानासाठी लिहिते. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा दीड ते दोन पट जड असतो. गळला तर वर जात नाही, जमिनीलगत साचतो. म्हणून सिलिंडरच्या कपाटाला खालच्या अंगाला जाळी किंवा फटी लागतात. आपण दाराच्या खालीही पट्टी ठोकलीत, झुरळे येऊ नयेत म्हणून. गॅस कंपन्या सांगतात की सुरक्षा नळी दर पाच वर्षांनी बदला, ती दीड मीटरपेक्षा लांब नको, भिंतीतून किंवा आडोशातून नेऊ नका, ती डोळ्यांना दिसत राहिली पाहिजे. दिसत राहिली पाहिजे, एवढेच साहेब. आपण जे जे सुंदर केलेत ते ते दिसेनासे केलेत, आणि त्यात ही नळीही गेली.

माझे थोरले बंधू एमआयडीसीत रोलिंग मिलला फिटर होते. भाचीचे वडील. त्यांना मी हे सगळे सांगितले तेव्हा ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "भट्टीचं अस्तर झिजतं. ते फोडून नवं भरावंच लागतं. मिलचे रोल झिजतात, ते काढून खरादावर न्यावे लागतात. म्हणून मशीन बसवताना पहिला प्रश्न हाच, हे निघणार कसं? क्रेन कुठून येणार? माणूस कुठं उभा राहणार?" सळ्यांसाठी देशभर ओळखल्या जाणाऱ्या या गावात टनावारी लोखंड काढता-घालता येते, आणि माझ्या ओट्याखालचे एक यंत्र निघत नाही. दादांना याचे दुःख माझ्यापेक्षा जास्त झाले.

माझ्या आईच्या स्वयंपाकघरात एकही वस्तू अशी नव्हती जी हलत नव्हती. जात्याचा वरचा दगड दोघींनी धरून उचलला की टाकी लावणारी बाई तिथेच अंगणात बसून तो टाकवून देई. पाटा-वरवंट्याचेही तेच. कल्हईवाला दारात भाता लावून बसे आणि भांडी त्याच्याकडे जात. रॉकेलच्या स्टोव्हचा बर्नर पिन घालून आई स्वतः मोकळा करी, वायसर बदलायला शेजारचा मुलगा पुरे. मांडणी भिंतीवरच्या दोन खिळ्यांवरून उतरवली की मागची भिंत सारवता येई. त्या घरातले कष्ट मी विसरलेले नाही. मला ते दिवस परत नको आहेत, मला भांडी धुण्याचे यंत्र हवेच आहे, माझी मनगटे आता भांडी घासण्याजोगी राहिली नाहीत. पण त्या घरात दुरुस्त करणाऱ्या माणसाला बसायला जागा होती, आणि वस्तू त्याच्या हाताशी येत होती. एवढे त्यातले मला हवे आहे.

आपल्याला वाटेल, भिंतीत बसवलेले स्वयंपाकघर म्हणजे असेच असणार. नाही साहेब. १९२६ साली फ्रँकफुर्टमध्ये मार्गारेट शुटे-लिहोत्स्की या वास्तुकार बाईंनी कामगारांच्या घरांसाठी जे स्वयंपाकघर आखले, त्याला आजच्या मॉड्युलर किचनची आजी म्हणतात. सुमारे दहा हजार घरांत ते बसले. खोली साडेतीन मीटरसुद्धा लांब नव्हती. त्यातही पीठ, तांदूळ, साखर ठेवायचे अ‍ॅल्युमिनियमचे डबे मुठीला धरून बाहेर ओढता येत, आणि त्यांच्याच तोंडाने जिन्नस ओतता येई. बाईंनी घरातल्या बाईची पावले मोजली होती, हात कुठवर जातो हे पाहिले होते. शंभर वर्षे होत आली. आपण आमचा हात मोजला असतात तर!

दुरुस्तीच्या बाबतीत सरकारही हलले आहे. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये निधी खरे यांच्या अध्यक्षतेखाली दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली. शेतीची अवजारे, मोबाइल, वाहने आणि घरगुती टिकाऊ वस्तू ही तिची चार क्षेत्रे. त्याच वर्षी २४ डिसेंबरला, राष्ट्रीय ग्राहक दिनी, त्यासाठीचे पोर्टल सुरू झाले. युरोपात २०२१ पासून नियम आहे की फ्रिज, धुण्याची यंत्रे, भांड्यांची यंत्रे यांचे ठरावीक सुटे भाग सात ते दहा वर्षे मिळाले पाहिजेत आणि साध्या हत्यारांनी, यंत्राची कायमची मोडतोड न होता, बदलता आले पाहिजेत. हे सगळे वाचून मला फार आनंद झाला, आणि लगेच आपली आठवण आली. कंपनीने भाग दिला, माहिती दिली, मेकॅनिक पाठवला, तरी त्या भागापर्यंत पोचायला जर टाइल फोडावी लागत असेल, तर तो हक्क कुठल्या भिंतीआड जाऊन बसतो? कायदा यंत्र बनवणाऱ्याला विचारतो. यंत्र गाडणाऱ्याला अजून कोणी विचारलेले नाही. म्हणून मी विचारते आहे.

आपण कारागीर आहात. आपल्या हातात सफाई आहे, हे मी मनापासून लिहिते. त्या टाइलची कड मला फोडवत नव्हती इतकी ती सरळ होती. म्हणून भाचीच्या घरासाठी पदर पसरून मागते. फरशी आधी पार मागच्या भिंतीपर्यंत जाऊ द्या, यंत्रे मग येऊ द्यात. यंत्राच्या डोक्यावर ग्रॅनाइटखाली अर्धा इंच मोकळा सोडा. खालची पट्टी ठोकू नका, क्लिपवर बसवा. ओढली की निघावी. प्लगचे सॉकेट आणि पाण्याची तोटी यंत्राच्या पाठीमागे नको, शेजारच्या कपाटात द्या, म्हणजे यंत्र जागचे न हलवता वीज आणि पाणी तोडता येईल. नळ्या आणि वायर हातभर जास्त ठेवा; यंत्र त्यांच्यासकट बाहेर यावे. हॉब सिलिकॉनने चिकटवू नका, त्याच्याबरोबर स्पंजची पट्टी येते, ती त्यासाठीच असते. कपाटाची पाठ खिळ्यांनी आणि फेव्हिकॉलने बंद करू नका, चार स्क्रूवर ठेवा. फ्रिजच्या मखराला वर आणि मागे वाट ठेवा. आणि गॅसची नळी उघड्यावर राहू द्या. ती सुंदर दिसत नाही, हे मला मान्य आहे.

यात आपला फार खर्च वाढतो असे मला वाटत नाही. वाढला तर तो आम्ही देऊ, दादांनी तसे सांगितले आहे. वाढते ती फक्त थोडी जागा आणि चित्रात दोन-चार फटी.

आणखी एक मागणे. कपाटांच्या पाठी बंद करण्याआधी भिंतीचे फोटो काढून ठेवा: पाइप कुठून गेला, वायर कुठून गेली. ते फोटो भाचीला द्या. दहा वर्षांनी जो मुलगा टॉर्च दातांत धरून तिच्या फरशीवर आडवा होईल, त्याला ते दाखवता येतील. त्याला आपण ओळखत नाही, तो आपल्याला ओळखणार नाही. पण आपण बांधलेल्या घरात आपल्यामागून येणारा तो आपलाच माणूस आहे. त्याच्यासाठी हात जाईल एवढी जागा ठेवा.

शुक्रवारी संध्याकाळी दादा आणि मी अंबड रस्त्यावर येत आहोत. दादा मोजपट्टी आणणार आहेत. चहा भाचीकडे होईल. ग्रॅनाइट शनिवारी कापायचा असला तरी शुक्रवारी आपले सगळ्यांचे बोलणे होऊन मगच माप टाकावे, ही हात जोडून विनंती.

कळावे, लोभ असावा.

आपल्या कामाची नित्य आठवण काढणारी,
जुन्या जालन्यातील एक ग्राहक

ता. क. फुटलेल्या त्या तीन टाइल आम्ही पुन्हा बसवल्या नाहीत. तिथली शहाबादी मोकळी ठेवून वर सागाची फळी टाकली आहे, दोन स्क्रूवर. परवा यंत्राने पुन्हा पाणी घेणे सोडले. आईने स्क्रूड्रायव्हर माझ्या हातात दिला, मी फळी काढली, यंत्र ओढले, जाळी धुतली आणि परत सरकवले. आई शेजारी स्टूलवर बसून होती. कुकरची तिसरी शिट्टी व्हायच्या आत काम झाले. ते पाहायला आपण जरूर यावे.